हिमनदीची नोंद आणि अभावाचे ज्ञान

हिमनदीविषयीची शास्त्रीय नोंद अनेक रूपांत असते. हिमनदीचे मुख कोठे होते हे दाखवणारा नकाशा, ठरलेल्या जागेवरून काढलेले छायाचित्र, बर्फात रोवलेल्या खुंट्यांची मोजमापवही, जहाजाची रोजनिशी, तापमानाचे तक्ते, ध्रुवप्रदेशातून आणलेले दगड आणि बर्फात खोल छिद्र पाडून काढलेले दंडगोल, म्हणजेच आइस कोअर, हे सारे तिच्यात मोडते. यांतल्या पुष्कळ नोंदी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या आहेत. ज्यांनी त्या केल्या ती माणसे केव्हाच गेली. ज्यांच्याविषयी केल्या त्या हिमनद्याही आता एकामागून एक जात आहेत. अशा वेळी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो: वस्तूच उरली नाही, तर तिच्या नोंदीचे मोल काय?

या प्रश्नाला तीन अंगे आहेत. पहिले ज्ञानाचे: नाहीशा झालेल्या वस्तूविषयी काही कळते ते कशाच्या बळावर? दुसरे प्रामाण्याचे: दूरच्या काळातल्या, अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? तिसरे कर्तव्याचे: ती नोंद सांभाळण्याची जबाबदारी आजच्या पिढीवर कोणत्या नात्याने येते? भारतीय दर्शनांनी या तिन्हींचा खोलवर विचार केला आहे. हिमनद्या त्यांच्यासमोर नव्हत्या, पण त्यांनी घडवलेली विचारसाधने येथे नेमकी उपयोगी पडतात.

अभाव कसा कळतो

न्याय-वैशेषिक परंपरेने अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसणे तो अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसणे तो अन्योन्याभाव. प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो. घट एकदा फुटला की त्याचे ‘नसणे’ सुरू होते आणि ते कायम राहते. दुसरा घट घडवता येईल, पण तो घट पुन्हा येत नाही.

हा अभाव कळतो कसा, यावर दर्शनांत मतभेद आहेत. नैयायिकांच्या मते तो प्रत्यक्षानेच कळतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात की त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण लागते. मात्र एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. ज्याचा अभाव आहे त्या वस्तूचे, म्हणजे प्रतियोगीचे, ज्ञान आधी असल्याशिवाय अभावाचे ज्ञान होत नाही. घट कधी पाहिलाच नसेल त्याला रिकामी जमीन दिसेल. ‘येथे घट नाही’ असे त्याला वाटणार नाही.

अलास्कातील म्यूर हिमनदी हे याचे ठळक उदाहरण आहे. विल्यम फील्ड यांनी ऑगस्ट १९४१मध्ये तिचे छायाचित्र काढले. त्यात खोरे बर्फाने काठोकाठ भरलेले दिसते. ब्रूस मोल्निया यांनी ऑगस्ट २००४मध्ये त्याच जागी उभे राहून पुन्हा छायाचित्र काढले. या वेळी खोऱ्यात समुद्राचे पाणी होते आणि उतारांवर झाडोरा वाढला होता. दरम्यानच्या काळात हिमनदीचे मुख १२ किलोमीटरांहून अधिक मागे गेले होते. फक्त दुसरे छायाचित्र पाहणाऱ्याला एक सुंदर खाडी दिसते. त्यात कोणतीही उणीव जाणवत नाही. पहिले छायाचित्र शेजारी ठेवले की तेच दृश्य हानीचा पुरावा होते. खाडीत काहीच बदललेले नसते. बदलते ते पाहणाऱ्याचे ज्ञान, आणि ते बदलते नोंदीमुळे.

यावरून जतनाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. नोंद ही नाहीशा वस्तूची केवळ आठवण नव्हे. ती वस्तू नाहीशी झाली हे कळण्याची अटच आहे. नोंद गेली तर हिमनदीबरोबर तिचा अभावही माणसाच्या ज्ञानातून जातो. मग हानी झालेली असते, पण ती हानी आहे हे सांगता येईल असे कोणाजवळ काही उरत नाही.

आइसलँडमधील ओक्योकुल हिमनदीने या विचारात एक सूक्ष्म भर घातली. हिमशास्त्रज्ञ ओड्डुर सिगुर्डसन यांनी २०१४ साली ती मृत झाल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या डोंगरावर थोडा बर्फ शिल्लक होता. पण स्वतःच्या वजनाने सरकण्याइतकी जाडी त्याला राहिली नव्हती, आणि हिमनदीचे हिमनदीपण तर गतीतच असते. बर्फ होता, हिमनदी नव्हती. असा अभाव डोळ्यांना दिसत नाही. जाडीच्या आणि गतीच्या जुन्या मोजमापांशी ताडूनच तो ठरवता येतो. ऑगस्ट २०१९मध्ये तेथे लोक जमले आणि स्मृतिफलक लावला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील पिझोल हिमनदीसाठी शोकयात्रा निघाली आणि धर्मोपदेशकही तिच्यात सहभागी झाले. माणसासाठी करायचा अंत्यविधी हिमनदीसाठी केला गेला तो तिची नोंदलेली हयात लोकांना ठाऊक होती म्हणून. ज्याच्या हयातीची खबर नाही, त्याचे सुतकही कोणी पाळत नाही.

तीर्थाचे स्थान आणि काळ

हिमालयात हा प्रश्न श्रद्धेला येऊन भिडतो. गंगोत्री हिमनदीच्या मुखाला गोमुख म्हणतात आणि भागीरथी तेथून बाहेर पडते. भाविकाच्या मनात गोमुख हे स्थिर, सनातन स्थान असते. भूवैज्ञानिक जॉन बिकनेल ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाचा नकाशा तयार केला. पुढची सर्वेक्षणे त्या नकाशाशी ताडली गेली आणि गोमुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरकल्याचे सिद्ध झाले. आजचा यात्रेकरू जेथे हात जोडतो ती जागा १९३५ साली बर्फाखाली होती.

यात श्रद्धा आणि शास्त्र यांचा विरोध पाहण्याचे कारण नाही. तीर्थाचे माहात्म्य भाविक ज्या पातळीवर अनुभवतो ती नकाशाच्या कक्षेबाहेरची आहे. पण तीर्थाला देहही असतो. तो बर्फ, खडक आणि पाण्याचा असतो, आणि देहाला काळ लागू असतो. हा देह झिजतो आहे हे स्तोत्रातून कळणार नाही. ते खुणा केलेल्या खडकातून आणि जपलेल्या नकाशातून कळते. ज्याला तीर्थ पूज्य आहे त्याला ही नोंद परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तो ज्याची पूजा करतो त्याच्या प्रकृतीचा वृत्तान्त तिच्यात आहे.

आप्त कोण

प्रतियोगीचे ज्ञान नोंदीतून मिळते, पण नोंद हा शेवटी कोणाचा तरी शब्द असतो. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, मात्र तो आप्ताचा असला पाहिजे. वात्स्यायनांनी न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण सांगितले आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही ते स्पष्ट म्हणतात. प्रामाण्य जन्मावर किंवा पदावर ठरत नाही. साक्षात दर्शन आणि प्रामाणिक कथन या दोन गोष्टींवर ठरते.

या कसोटीने पाहिले तर ध्रुवशोधाच्या इतिहासातील एक गाजलेला वाद उलगडतो. फ्रेडरिक कुक यांनी एप्रिल १९०८मध्ये आपण उत्तर ध्रुवावर पोहोचल्याचा दावा केला. परतताना त्यांनी आपली उपकरणे आणि काही कागद ग्रीनलँडमध्ये हॅरी व्हिटनी यांच्याकडे ठेवले. कुक यांचे प्रतिस्पर्धी रॉबर्ट पीअरी यांनी ते सामान आपल्या जहाजावर घेण्यास नकार दिला, आणि ते तेथेच राहिले. डिसेंबर १९०९मध्ये कोपनहेगन विद्यापीठाने निर्णय दिला की सादर केलेल्या कागदांवरून दावा सिद्ध होत नाही. कुक यांचा दावा आज कोणी ग्राह्य धरत नाही आणि पीअरी यांच्या दाव्यावरही गंभीर शंका आहेत. दावा कितीही ठामपणे मांडला तरी वेधांच्या मूळ वह्या आणि त्यांची तपासणी यांची जागा तो घेऊ शकत नाही, हा या वादाचा धडा आहे.

त्या काळच्या नोंदींतील एक उणीवही येथे दिसते. कुक आणि पीअरी या दोघांच्या सोबत वाट काढणारे, कुत्र्यांच्या गाड्या हाकणारे इनुइट साथीदार होते. बर्फ त्यांनीही साक्षात पाहिला होता. पण त्यांची साक्ष घेतली गेली ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दाव्याच्या बाजूने किंवा विरोधात वापरण्यापुरती. आप्ताच्या लक्षणाला जात-कुळाची अट नाही, हे तत्त्व पाळले असते तर ध्रुवप्रदेशाचा दप्तरखाना आज अधिक समृद्ध असता.

शब्द अनेक हातांतून जाताना बिघडतो, हा आणखी एक धोका. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २००७च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे विधान आले होते. ते कोणत्याही मूळ मोजमापावर उभे नव्हते. दुय्यम लेखनातून उचललेले होते. जानेवारी २०१०मध्ये मंडळाने ती चूक मान्य केली. हिमनद्या वितळत आहेत हे सत्य त्यामुळे खोटे ठरले नाही, पण सत्य विधानालाही आप्ताच्या मूळ शब्दापर्यंत जाणारी अखंड वाट लागते, हे सिद्ध झाले. पाठ बिघडणे आणि पाठ शुद्ध करणे ही मराठी परंपरेला ओळखीची गोष्ट आहे. संत एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींची शुद्धी केली ती हाती असलेल्या प्रती ताडून. जुने तापमानाचे आकडे शुद्ध करणाऱ्या अभ्यासकालाही तीच शिस्त लागते. दुरुस्ती करावी, पण मूळ आकडा पुसू नये, आणि दुरुस्तीचे कारण लिहून ठेवावे.

कर्म, फळ आणि अपूर्व

नोंद करणाऱ्याला तिचे अंतिम फळ क्वचितच दिसते. १८९४ साली झुरिच येथील आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत हिमनद्यांच्या निरीक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल त्याचे पहिले अध्यक्ष झाले. हिमनद्यांच्या वाढीत आणि घटीत नियमित आवर्तने सापडतील, हिमयुगांचे कारण उलगडेल, अशी त्या पिढीची अपेक्षा होती. त्यांनी सुरू केलेली मोजमापांची मालिका आज झुरिचमधील जागतिक हिमनदी निरीक्षण सेवेकडे आहे, आणि ती जे सांगते आहे ते आवर्तन नसून जगभरची घट आहे. प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला मिळाले.

‘जिनेट’ जहाजाची कथा याहून करुण आहे. १८७९मध्ये जॉर्ज डी लाँग यांच्या नेतृत्वाखाली निघालेले हे जहाज बर्फात अडकले आणि जून १८८१मध्ये बुडाले. खलाशांनी सायबेरियाच्या किनाऱ्याकडे बर्फावरून पायपीट केली, आणि अन्नाचा एकेक घास मोजावा लागत असताना जहाजाच्या नोंदवह्याही ओढत नेल्या. डी लाँग आणि त्यांचे बरेच सोबती लीना नदीच्या त्रिभुज प्रदेशात मेले, वह्या वाचल्या. २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पातून सर्वसामान्य स्वयंसेवकांनी जुन्या जहाजांच्या नोंदवह्या अक्षरशः उतरवून काढल्या, आणि त्यांत ‘जिनेट’च्याही होत्या. त्यांतील हवेचा दाब, तापमान आणि बर्फाची स्थिती यांचे आकडे आता भूतकाळातील हवामानाची पुनर्रचना करण्यासाठी वापरले जातात.

रॉबर्ट स्कॉट, एडवर्ड विल्सन आणि हेन्री बावर्स यांचे मृतदेह नोव्हेंबर १९१२मध्ये अंटार्क्टिकावरील तंबूत सापडले, तेव्हा जवळ सुमारे १६ किलो दगड होते. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. अल्बर्ट सीवर्ड यांनी १९१४ साली त्यांतील ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. याच वनस्पतीचे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूर परिसरातून गोळा केले होते. विदर्भ आणि अंटार्क्टिका कधी एकाच भूखंडाचे भाग होते, या निष्कर्षाला अशा दूरदूरच्या नोंदींनी आधार दिला. ते जीवाश्म गोळा करणाऱ्यांपैकी कोणालाही या निष्कर्षाची पूर्ण कल्पना नव्हती.

मीमांसकांसमोर अशीच एक अडचण होती. यज्ञ क्षणात संपतो, फळ दीर्घकाळाने मिळते. मग मधल्या काळात कर्म आणि फळ यांना जोडून कोण ठेवते? त्यांनी उत्तर दिले: अपूर्व, म्हणजे कर्मातून उत्पन्न होणारी आणि फळ मिळेपर्यंत टिकणारी अदृश्य शक्ती. निरीक्षणाचेही असेच आहे. तापमापीवर नजर टाकण्याचे कर्म क्षणाचे असते, त्याचे फळ शतकानंतर येते, आणि मधल्या काळात नोंद ते धरून ठेवते. फरक एकच, पण महत्त्वाचा. अपूर्व आपोआप टिकते, असे मीमांसक मानतात. कागद, फिल्म आणि बर्फ आपोआप टिकत नाहीत. येथे कर्म आणि फळ यांचा धागा अखंड ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते. म्हणून जतन हे निरीक्षणानंतरचे गौण काम नसून त्याच कर्माचा उत्तरार्ध आहे.

जतनाचे व्यावहारिक रूप

नोंदी नष्ट होण्याची कारणे ठाऊक आहेत. आम्लयुक्त कागद ठिसूळ होतो, नायट्रेट फिल्म विघटित होते आणि पेट घेऊ शकते, जुन्या चुंबकीय फिती वाचणारी यंत्रे मिळेनाशी होतात, आणि छायाचित्रामागची तारीख व जागा पुसली गेली की ते मोजमापाच्या कामाचे राहत नाही. कधीकधी थंडीच रक्षण करते. सालोमोन आंद्रे यांची १८९७ची फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे गेलेली मोहीम बेपत्ता झाली होती. १९३०मध्ये क्वितोया बेटावर तिचे अवशेष सापडले, आणि ३३ वर्षे बर्फात पडलेल्या फिल्ममधून ९३ छायाचित्रे मिळवता आली. ही दैवाची कृपा झाली. तिच्यावर विसंबून धोरण आखता येत नाही.

प्रसिद्ध करणे हा जतनाचा सर्वांत भक्कम उपाय आहे. स्कॉट यांच्या मोहिमेतील हवामानशास्त्रज्ञ जॉर्ज सिम्प्सन हे भारतीय हवामान खात्यातले होते. मोहिमेच्या हवामाननोंदींचे त्यांचे सविस्तर विवेचन १९१९ साली कोलकात्यात छापले गेले आणि जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचले. अनेक प्रती, अनेक ठिकाणी, हेच तत्त्व १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात स्वीकारले गेले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ आणि अन्य देशांत जागतिक माहिती केंद्रे उभारून सर्व नोंदी एकाहून अधिक ठिकाणी ठेवायचे ठरले. हिमशास्त्राचे असे एक केंद्र १९७६पासून अमेरिकेतील बोल्डर येथे आहे, आणि हिमनद्यांच्या जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह तेथे जपलेला आहे.

आइस कोअरची मात्र प्रत काढता येत नाही. एप्रिल २०१७मध्ये कॅनडातील एडमंटन येथील शीतगृहाची यंत्रणा बिघडली आणि तेथील आइस कोअर संग्रहाचा सुमारे १३ टक्के भाग वितळला. त्याच वर्षी उलट घटनाही घडली. ग्रीनलँडमधील कॅम्प सेंच्युरी येथे १९६६मध्ये बर्फाच्या तळाखालून काढलेली माती कोपनहेगनमधील शीतगृहात विस्मरणात पडून होती, ती सापडली. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्यात वनस्पतींचे अवशेष होते, म्हणजे आज बर्फाखाली असलेली ती भूमी गेल्या दहा लाख वर्षांत कधीतरी उघडी होती. अनेक दशके विस्मरणात पडलेली मातीही निरुपयोगी नसते, हे यावरून दिसते. भारतात हे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात चालते. अंटार्क्टिकातून आणलेले आइस कोअर तेथील शीतगृहात ठेवले जातात.

अनित्यतेचा आक्षेप

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. सर्व संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या वस्तू, अनित्य आहेत, असे बौद्ध सांगतात. वेदान्तीही नामरूपाच्या आसक्तीपासून सावध करतात. मग वितळणाऱ्या बर्फाचे आकडे कवटाळून बसणे ही आसक्तीच नव्हे काय? उत्तर असे की वस्तूला धरून ठेवणे आणि वस्तूविषयी खरे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद हिमनदीला थांबवत नाही. ती कशी होती आणि कशी गेली एवढेच सांगते. अनित्यता हे तत्त्व म्हणून पटायलाही आधी आणि नंतर अशा दोन क्षणांची तुलना लागते, आणि ती तुलना नोंदीशिवाय होत नाही. शिवाय बौद्धांनी अनित्यतेबरोबर कारणांची साखळीही शिकवली. हिमनद्यांची आजची घट मुख्यतः माणसाने जाळलेल्या इंधनामुळे आहे, हे कारण ओळखले गेले ते जुन्या मालिकांमुळेच. ‘सगळेच जाते’ असे म्हणून त्या कारणाकडे पाठ फिरवणे हे वैराग्य नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: नोंदी जपून हिमनद्या वाचत नाहीत, मग तोच पैसा बचावासाठी का वापरू नये? नोंद हिमनदीची जागा घेत नाही, हे खरेच आहे, आणि संग्रह केला म्हणजे कर्तव्य संपले असे समजणे ही आत्मवंचना ठरेल. पण किती वाचवायचे, कोठे आणि किती वेगाने, हे ठरवण्याचे माप जुन्या नोंदींतूनच येते. बचाव आणि जतन हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत.

ऋषिऋण

उरतो कर्तव्याचा प्रश्न. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा विचार आहे: देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. ऋषिऋणाची कल्पना विशेष अर्थपूर्ण आहे, कारण हे ऋण धनाने किंवा वंदनाने फिटत नाही. ज्यांनी पाहिले, त्यांचे पाहणे अभ्यासून पुढे देणे हीच त्याची परतफेड होय.

डी लाँग, फोरेल, फील्ड, ऑडेन आणि ज्यांची नावेही नोंदवली गेली नाहीत असे वाटाडे, खलाशी व भारवाहक यांनी आजच्या पिढीला न मागता काही दिले आहे. त्यामुळे जतनाचे कर्तव्य केवळ कपाटात ठेवण्याने पुरे होत नाही. वही वाचली गेली पाहिजे, तिचे आकडे उतरवले गेले पाहिजेत, तिच्या शेजारी आजची नोंद लिहिली गेली पाहिजे, आणि ज्या लोकांच्या डोंगरांची ती आहे त्यांना ती उपलब्ध झाली पाहिजे. ऋण घेणाऱ्यांची साखळी पुढेही चालू राहणार आहे. आणखी शंभर वर्षांनी हिमालयातील एखादे खोरे पाहणाऱ्याला तेथे फक्त खडक दिसेल, की काय होते आणि काय गेले हेही कळेल, हे आज काय लिहिले आणि काय राखले यावर ठरेल.